मागं घेतलेला कायदा

वास्तुशांतीचा होम उरकला, सवाष्णींच्या ओट्या भरून झाल्या, आणि पहिली पंगत बसते न बसते तोच भागवतच्या धाकट्या भावानं, बिभीषणनं, सगळ्यांदेखत बातमी फोडली.

"ऐका रं समद्यांनी! आपल्या दादाचा प्लँट आता बंद पडत न्हाई. बेल्जियमच्या पार्लमेंटनं कायदाच मागं घेतला! हे बघा, मोबाईलवर आलंय."

पंगतीत टाळ्या पडल्या. कुणी म्हणालं, 'वास्तू लाभली'. कुणी भागवतच्या पानात आग्रहानं आणखी एक पोळी टाकली. ज्यांना प्लँट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं त्यांनीही माना डोलावल्या, कारण बिभीषणच्या आवाजात विहिरीला पाणी लागल्यासारखा आनंद होता.

राजेश्वरी आमटीची बादली घेऊन पंगतीत वाढत होती. ती जागच्या जागी थांबली आणि तिनं नवऱ्याकडं बघितलं. भागवत वडलांच्या शेजारी बसला होता. डोक्यावर अक्षता तशाच होत्या. त्याला आनंद झालेला दिसला नाही, आश्चर्यही नाही. तो खाली मान घालून भात कालवत होता, नको इतका बारीक.

गेल्या सहा वर्षांत नवऱ्याचा चेहरा वाचायला ती मोबाईलच्या काचेवरच शिकली होती. आज काच मध्ये नव्हती. याला हे आधीच ठाऊक होतं, हे तिला लख्ख कळलं.

"ताई, आमटी," जाऊ ज्योती मागून पुटपुटली. "लोकं थांबलीत."

राजेश्वरी पुढं सरकली आणि वाढत राहिली.

त्या परक्या देशातल्या कायद्यावर तिचं सगळं आयुष्य बेतलेलं होतं. अणुऊर्जा नको, एकेक केंद्र बंद करायचं आणि पंचवीस सालापर्यंत सगळ्यांना कुलूप लावायचं, असं बेल्जियमनं कधीकाळी ठरवलं होतं. भागवत अँटवर्पजवळच्या नदीकाठच्या केंद्रात उपकरणांचा इंजिनिअर म्हणून लागला तेव्हा हे सगळ्यांना माहीत होतं. राजेश्वरी आणि तीन वर्षांची आरती त्याच्याबरोबर गेल्या. सहा वर्षं तिघं तिथं राहिली. मग इकडं सासूबाईंना, रंगुबाईंना (ती त्यांना आत्याबाई म्हणे), पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हा भागवत तिला म्हणाला होता, "तू पुढं हो. पंचवीस साली हे बंदच होणारे, कायदाच आहे तसा. मी मागून येतोच."

त्या 'येतोच'वर तिनं सहा वर्षं काढली. सासूबाईंना उठवून बसवलं, उभं केलं, काठी धरून चालवलं. शेवगावच्या शाळेत आरतीचं नाव घातलं. आणि तो यायचा म्हणून रानातल्या वस्तीवर हे स्लॅबचं घर बांधून घेतलं.

*

पाहुणे पांगले. ऊन कलायला अवकाश होता. नव्या हॉलमध्ये, गार फरशीवर, घरचीच माणसं उरली. सासरे आसाराम, सगळ्यांचे तात्या, भिंतीला टेकून बसले होते. आतल्या खोलीत रंगुबाईंना झोपवलं होतं, पण दार उघडं होतं.

तोंड फोडलं ते लंकाबाईनं. भागवतची ही थोरली बहीण, घोडेगावला दिलेली. तिला मागचा-पुढचा विचार करून बोलायची सवय नव्हती.

"भागवत, खरं सांग. तू येनार हायेस का न्हाई?"

भागवत चाचरला. "अक्का, माझं युनिट, म्हणजे माझी अणुभट्टी, वर्षअखेर बंद होणारच आहे. पण शेजारचं युनिट आणखी दहा वर्षं चालणार. तिथं मला घेतायत. नव्या माणसांना काम शिकवायला."

"दहा वर्सं!" लंकाबाईनं कपाळावर हात मारला. "आरं, तवर ह्यो म्हातारा ऱ्हाईल का? आईनं दाराकडं बघत किती दिवाळ्या काढायच्या?"

"अक्का, तू बी कायबी बोलती," बिभीषण मध्ये पडला. "नशीब उघडलंय त्याचं. इथं येऊन काय करनार? पिकाला पान्याचं बारं द्यायला रातचं उठनार? थ्री फेज तर आपल्याकडं रातीचीच येती. तिथं सायबासारखा हाय, ऱ्हाऊ दे की. इथलं बघायला आमी हावोतच. आन् वैनी हायेतच."

"व्हय ना," ज्योती पटकन म्हणाली. "ताई हायेत म्हणून तर सासूबाई सुधारल्या. त्यांच्यावाचून सासूबाई दुसऱ्याच्या हातची गोळी घेत न्हाईत."

राजेश्वरी दाराशी बसून सुपारी कातरत होती. बहिणीला भाऊ इथं हवा होता. धाकट्याला थोरला तिथं हवा होता आणि वहिनी इथं. ज्योतीनं आजवर कधी नवऱ्याचा शब्द उचलून धरला नव्हता, आज धरला. सगळे तिच्याविषयी बोलत होते आणि तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. फक्त आरती, आता पंधरा वर्षांची, आईच्या हातातल्या अडकित्त्याकडं टक लावून बसली होती.

"तुम्हाला कधी कळलं?" राजेश्वरीनं विचारलं.

भागवत म्हणाला, "सरकार बदललं तेव्हा कुणकुण लागली होती."

"कायद्याचं नाही विचारत. नोकरीचं."

"मार्चमध्ये."

मार्चमध्ये तो रोज सकाळी व्हिडिओ कॉल करून फरशीचे नमुने बघायचा. पांढरी नको, इकडची माती काळी आहे, डाग दिसतील, असं त्यानंच सांगितलं होतं. म्हणून ही राखाडी घेतली होती. राजेश्वरीनं कातरलेली सुपारी ताटलीत ठेवली आणि अडकित्ता मिटला.

तात्यांनी मान वर केली.

"मला एक सांग भागवत. कायदा करून किती वर्सं झाली म्हनलास?"

"वीसच्या वर झाली, तात्या."

"आन् आता मागं घेतला? कुनी मोर्चा काढला हुता?"

"मोर्चा नाही. रशियाचं युद्ध सुरू झालं, गॅस महागला. वाऱ्याची, उन्हाची वीज सगळीकडं पुरेना. मग लोकांनाच वाटायला लागलं की आपण घाई केली."

"आन् भ्या वाटत न्हाई त्यास्नी? अणू म्हंजी अणूच की."

"वाटतं की. ज्यांना वाटतं ते अजून भांडतायत. राहिलेला कचरा कुठं पुरायचा हेसुद्धा धड ठरलेलं नाही. पण बाकीच्यांनी सभागृहात बसून मतमोजणी केली आणि म्हणाले, चुकलं असेल तर बदलू."

"चुकलं म्हनले?"

"शब्द तो नव्हता. पण अर्थ तोच."

तात्यांनी हसल्यासारखं केलं. मग म्हणाले, "आमच्या येळंला कुनी फेरइचार केला न्हाई रं."

जायकवाडीच्या पाण्यात गेलेलं जुनं गाव या घरातल्या प्रत्येकानं ऐकून ऐकून पाठ केलं होतं. बैलगाडीत दाराच्या चौकटी घालून माणसं निघाली, तेव्हा तात्या पंचविशीतले होते. धरण झालं, वीजही झाली, कालव्यानं लांबच्या रानांत ऊस उभा राहिला. तात्यांना ही कोरडी जमीन मिळाली.

"तात्या, आमच्या केंद्राला लागून एक गाव आहे," भागवत हळू म्हणाला. "बंदर वाढवायचं म्हणून उठवायचं ठरवलं होतं. बरीचशी माणसं गेली. घरं ओस पडली, पोरं भिंतींवर चित्रं काढायची. मग तोही बेत रद्द झाला. आता हळूहळू लोक राहायला येतायत."

"परत?"

"थोडीच. पण येतायत."

"घरं हुती व्हय तशीच?"

"काही पडली. काही होती."

तात्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि कुणाचा आधार न घेता उठले. "चल. मला जुन्या गावाकडं घिऊन चल. पानी लांब सरकलंय म्हनत्यात. राजेश्वरी, तू बी चल."

*

जीप जिथवर गेली तिथवर गेली. पुढं भेगाळलेला गाळ होता. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटलं की लोक त्यात टरबूज, काकडी लावत. पाणी दूर, चकचकीत पट्ट्यासारखं दिसत होतं. महादेवाच्या देवळाच्या चार पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. तात्या त्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "तुमी फिरा. मला हितंच बसू द्या."

ती दोघं वेलांच्या कडेनं चालू लागली. भागवत पुढं, ती मागं. त्याच्या मानेवर पिकलेले केस तिनं आज पहिल्यांदाच जवळून पाहिले.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला. "फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ती."

"मग आल्यावर?"

"आल्यावर घर बघितलं."

तिला राग यायला हवा होता. पण मनात भलतंच होतं. पंगतीत बातमी ऐकली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं आधी नवरा आला नव्हता. आली होती अँटवर्पची ती ओली सडक, जिच्यावर वयाच्या तिसाव्या वर्षी ती सायकल शिकली. पाव विकणारी ती जाडी बाई, जी तिचं डच दुरुस्त केल्याशिवाय सुट्टे पैसे हातावर ठेवत नसे. आणि नर्सिंगचा तो कोर्स, जो अर्ध्यात सोडून ती विमानात बसली. तिथल्या म्हाताऱ्यांना पलंगावरून कसं उठवायचं हे ती शिकली होती, म्हणून रंगुबाई उभ्या राहिल्या. हे इथं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांना वाटे, सुनेचा पायगुण. पहाटे गाईची धार काढताना ती मनातल्या मनात डच क्रियापदं चालवायची, विसरायला नकोत म्हणून. कशासाठी विसरायची नाहीत, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

ती थांबली. "तुला राहायचंय ना तिथं?"

भागवत चमकून वळला. अँटवर्पच्या त्या दोन खोल्यांत ती त्याला 'तू' म्हणायची. गावी पाऊल ठेवलं त्या दिवशी 'तुम्ही' झालं, ते फोनवरसुद्धा तसंच राहिलं. इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकून त्याचं उसनं बळच सरलं.

"हो," तो म्हणाला. आणि एकदा हो म्हटल्यावर त्याला थांबवेना. "फेब्रुवारीत पहिलं युनिट बंद केलं तेव्हा मी कंट्रोल रूममध्ये होतो. पन्नास वर्षं चाललेलं ते. काटे खाली येत गेले. लुक म्हणून एक म्हातारा आहे, निवृत्त झालेला, मुद्दाम आला होता. त्यानं पॅनेलवर हात ठेवला, आपण मेलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा. मी बाहेर येऊन रडलो. मला वाटलं, मी तर आता घरी जाणार, मग मी रडतोय कशाला? इथं आलो की मला तिथली नदी दिसते. तिथं असलो की आईचा आवाज येतो, झटक्याआधीचा. मी धड कुठंच नसतो, राजू."

पाण्याच्या कडेला बगळे उठले आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा बसले.

"त्यांनी कायदा मागं घेतला, भागवत," ती म्हणाली. "माझी सहा वर्षं कोण मागं घेणार? ते बंद होणार नाही असं तेव्हा कळलं असतं, तर मी आलेच नसते. आले असते तरी आत्याबाईंना चालतं करून परत फिरले असते. आरती दोन भाषांत वाढली असती. मी आज कुठल्या तरी दवाखान्यात नर्स असते. तू म्हणालास बंद होणारे, कायदा आहे. मला वाटलं, कायदा म्हणजे दगडावरची रेघ."

"मलाही तसंच वाटलं होतं."

त्यानं पायाच्या अंगठ्यानं गाळाचं ढेकूळ फोडलं. मग म्हणाला, "मी त्यांना नाही म्हणून कळवतो. शब्द दिलाय तुला. डिसेंबरात येतो, कायमचा."

हे वाक्य ऐकायला तिनं किती वाट बघितली होती! प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक फोनच्या शेवटी. आता ते आलं, पूर्ण, खरं. तो खरोखर आला असता. आणि इथल्या ओट्यावर बसून मोबाईलवर त्या नदीची चित्रं बघत म्हातारा झाला असता.

"नको येऊस," ती म्हणाली. "मी येते."

"काय?"

"आरतीची दहावी होऊ दे. मार्चनंतर आम्ही दोघी येतो. मला माझा कोर्स पुरा करायचाय."

"आणि आई? आणि हे घर?"

"घरात भाऊजी राहतील. त्यांचं तर पत्र्याचं आहे. आईचं…" ती अडखळली. या एका शब्दाशी ती पुढचा सगळा रस्ता अडखळणार होती. "आईचं मी बघते काय ते."

ती दोघं परत आली तेव्हा तात्या पायरीवरचं वाळकं शेवाळ नखानं खरवडत होते. त्यांनी दोघांच्या तोंडांकडं पाहिलं आणि काहीही न विचारता सुनेच्या खांद्यावर हात टाकून उठले.

*

दिवेलागणीला तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. भागवतला सांगू दिलं नाही. त्यानं सांगितलं असतं तर तो त्याचा निर्णय झाला असता.

बिभीषणला आधी समजलंच नाही. समजलं तसा तो उसळला. "वैनी, आवं, आईचं कोन बगायचं मग?"

"भाऊजी, तुम्ही त्यांचे लेक आहात."

"लेक हाय, पन आमाला काय येतं त्यातलं?"

"मला तरी काय येत होतं? शिकले. मार्चपर्यंत वेळ आहे, मी दोघांनाही शिकवते."

"दोघांना म्हंजी मलाच," ज्योती म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "हे बोलतील आन् मी करीन. तुमचं बरंय ताई. तुमाला जायला जागा तरी हाय." ती उठली आणि स्वयंपाकघरात भांडी आदळू लागली. राजेश्वरीला तिचा राग आला नाही. सहा वर्षांपूर्वी विमानात बसताना तिनंही असंच काही तरी आदळलं असतं, आदळायला काही हाताशी असतं तर.

नवल केलं ते लंकाबाईनं. दुपारी भावाला इथं डांबून ठेवायला निघालेली ही बाई आधी पदर चावत बसली, मग बिभीषणवरच घसरली. "वरडू नगं. तुझी बायकू चार दिस म्हायेरी गेली तर तुझं त्वांड बघवत न्हाई. ह्या पोरीनं सा वर्सं काढली. उन्हाळा-पावसाळा मी आईला घोडेगावला नेत जाईन. हितं ज्योती एकली मरनार न्हाई." मग भागवतकडं वळून तिनं डोळे पुसले. "तू यावंस असं लई वाटत हुतं रं. लईच वाटत हुतं."

आरती उठून आईजवळ आली. "मम्मी, मला तिथलं आता काहीच येत नाही. मैत्रिणींची नावंपण आठवत नाहीत."

"मलाही सगळं नाही येत. दोघी मिळून शिकू."

"आणि मला नाही आवडलं तर?"

"तर आपण पुन्हा विचार करू," राजेश्वरी म्हणाली.

तात्या भिंतीशी खो खो हसले. कितीतरी दिवसांनी ते असे हसत होते. "येवढा मोटा देश फेरइचार करतो," ते म्हणाले, "मंग माझ्या सुनंनं केला तर कुनाचं काय बिघडलं? बिभीषण, गप बस आता."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. आतल्या खोलीतून हाक आली, तुटकी, एका बाजूनं ओढलेली. झटक्यानंतर रंगुबाईंना सगळी नावं घेता येत नव्हती. हे नाव मात्र त्यांनी वर्षभर घासून घासून नीट बसवलं होतं.

"रा-जे-सरी."

राजेश्वरी आत गेली. रंगुबाई उशीला टेकून उठून बसल्या होत्या, आपल्या आपण. दार उघडंच होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. राजेश्वरी पलंगाच्या कडेवर टेकली आणि तिनं त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन बोटं एकेक करून उलगडायला घेतली, रोज संध्याकाळी घ्यायची तशी. कुठून सुरुवात करावी तिला सुचेना.

"आत्याबाई, मला तुम्हाला एक विचारायचं होतं…"

रंगुबाईंनी डावा हात उचलून तिच्या तोंडावर ठेवला. हात घट्ट होता. त्या शब्द जुळवत होत्या. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, ती त्यांनी पुसू दिली नाही.

"इचारू नगं," त्या म्हणाल्या. "इचारलंस… तर मी… न्हाई म्हनंन."

हात खाली आला. राजेश्वरीनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि करंगळीपासून पुन्हा बोटं उलगडायला लागली. तिनं विचारलं नाही.